जुन्या कार्यालयाची शाळा करताना : सांगलीतल्या अनुभवातून

आमच्या शाळेत दुसरीचा वर्ग भरतो त्या खोलीत पूर्वी कर्जखात्याच्या फायलींची कपाटं होती. सांगलीतल्या एका पतसंस्थेचं हे दुमजली कार्यालय. संस्था बंद पडल्यावर त्याला बरीच वर्षं कुलूप होतं. आमच्या शिक्षणसंस्थेने ते घेतलं आणि तिथे पहिली ते चौथीची शाळा सुरू केली. संस्थेची सचिव म्हणून मी या कामात पहिल्या दिवसापासून होते. ताबा मिळाल्यापासून शाळेची पहिली घंटा होईपर्यंत सव्वादोन वर्षं लागली. त्यातलं जवळजवळ एक वर्ष कामाचा क्रम चुकल्यामुळे गेलं. भिंती रंगवून झाल्या आणि मग जिन्यासाठी त्याच फोडाव्या लागल्या. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

कार्यालयात माणसं एकेक करून येतात आणि एकेक करून घरी जातात. शाळेत घंटा झाली की सगळी मुलं एकाच मिनिटात दाराकडे धावतात. इमारत त्या एका मिनिटासाठी तयार करायची आहे, हे मनात पक्कं ठेवा. भिंत कुठे पाडायची, पैसे कुठे घालायचे, रंग कधी द्यायचा, हे सगळं त्यावरून ठरतं.

१. व्यवहाराआधी पाण्याची रेघ बघा

सांगलीत इमारत बघायला जाताना आधी शेजाऱ्यांशी बोला. दोन प्रश्न विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या इमारतीत पाणी किती चढलं होतं? आणि २०२१ च्या जुलैमध्ये समोरचा रस्ता चालू होता का? दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. इमारत कोरडी पण रस्ता पाण्याखाली असेल, तर शाळा बंदच ठेवावी लागते. महापूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे शाळा ऐन भरात असताना.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, मारुती चौक, गणपती पेठ, शामरावनगर या भागातल्या लोकांना हे सांगायला नको. पण बाहेरून आलेल्या विश्वस्तांना स्वस्तात मिळणारी इमारत मोहात पाडते. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा महापालिकेच्या नगररचना विभागात बघायला मिळतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली इमारत शाळेसाठी घेऊच नका. दोन्हींच्या मधली असेल, तर काय अटी पडतात ते आधी लेखी विचारा.

इमारतही बोलते. एका ठरावीक उंचीपर्यंत गिलावा फुगलेला, दारांच्या चौकटी खालून सुजलेल्या, विजेचे बोर्ड नंतर वर उचललेले दिसले, तर पाणी आत आलं होतं हे समजा.

२. कागद : इथे घाई केली की पुढे सगळं अडतं

आम्हाला लागलेले कागद असे :

– मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, आणि अलीकडचा मोजणी नकाशा
– मंजूर बांधकाम नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी)
– झोन दाखला (विकास आराखड्यात जागा कशासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा
– ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीचा आणि बोज्याचा शोध)
– घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिलाची थकबाकी नसल्याचे दाखले
– नोंदणीकृत खरेदीखत किंवा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार
– शिक्षणसंस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना, परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासनोंदीचा) उतारा आणि ठरावाच्या प्रती

आपल्या जिल्ह्यात जुनी कार्यालयं बऱ्याचदा सहकारी संस्थांची असतात. संस्था अवसायनात, म्हणजे गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, निघाली असेल, तर माजी अध्यक्षांशी बोलून काही उपयोग नाही. विक्रीचा अधिकार त्यासाठी नेमलेल्या अवसायकाला असतो आणि त्यालाही सहकार खात्याच्या पद्धतीनेच जावं लागतं. माजी संचालकांच्या तोंडी शब्दावर आम्ही तीन महिने थांबलो होतो.

दुसरी अडचण मंजूर नकाशातली. पतसंस्थेने नंतर कधीतरी गच्चीवर एक खोली चढवली होती. प्रत्यक्षात ती होती, नकाशात नव्हती. म्हणून पहिल्या भेटीलाच मंजूर नकाशा हातात घेऊन प्रत्येक खोली, प्रत्येक जिना जुळवून बघा. जे नकाशात नाही ते नियमित करून घ्यावं लागतं किंवा पाडावं लागतं. आम्ही पाडलं. त्यामुळे इमारतीवरचं ओझंही कमी झालं.

तिसरी गोष्ट वापरातल्या बदलाची. "आतलीच दुरुस्ती आहे, परवानगी लागत नाही," असं तुम्हाला निदान चार माणसं सांगतील. रंगरंगोटी, फरशी, गिलावा यांच्यापुरतं ते ठीक आहे. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये इमारतीच्या वापरात केलेला मोठा बदल हासुद्धा 'विकास' धरला आहे. कार्यालयाची शाळा करणं हा असाच बदल आहे. त्यामुळे नोंदणीकृत आर्किटेक्टकडून प्रस्ताव करून महापालिकेची परवानगी घ्यावीच लागते. रस्त्याची रुंदी, बाजूची मोकळी जागा, पार्किंग यांची तपासणी राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार होते. हा प्रस्ताव आर्किटेक्टकडून व्यवहाराआधीच तोंडी तपासून घ्या. इसार दिल्यावर रस्ता अरुंद आहे असं कळलं, तर पैसे अडकतात.

तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर ही नवी मिळकत परिशिष्टावर चढवायला धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. मुदत ९० दिवसांची आहे. ती चुकवू नका.

३. रंगाच्या आधी, आर्किटेक्टच्याही आधी, स्ट्रक्चरल इंजिनिअर

या लेखातली एकच पायरी वाचायची असेल तर ही वाचा.

जुनी इमारत पन्नास वर्षं उभी आहे, म्हणजे मजबूत आहे, असं लोक सहज म्हणतात. ती उभी आहे कार्यालयाच्या वजनावर. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात कोणत्या खोलीसाठी किती भार धरायचा हे दिलं आहे. साध्या कार्यालयाला दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २५० किलो. वर्गखोलीला ३. शाळेच्या व्हरांड्याला आणि जिन्याला ४. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला ६. आता २० बाय २५ फुटांची खोली घ्या. ती साधारण ४६ चौरस मीटर भरते. कार्यालय म्हणून तिचा स्लॅब साडेअकरा टनांसाठी काढला असेल, तर वर्ग म्हणून त्याला जवळपास चौदा टन पेलता यायला हवेत. चाळीस मुलांचं वजन एवढं नसतं हे खरं. पण ती मुलं एकदम उडी मारतात, एका भिंतीकडे गोळा होतात, बाकं एका कोपऱ्यात रचून स्नेहसंमेलनाची तालीम करतात. मानकात ती सोय धरलेली असते.

भूकंपाचंही तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेला भूकंप आठवणारी माणसं आपल्याकडे अजून घराघरांत आहेत. भूकंपरोधक रचनेच्या आयएस १८९३ या २०१६ च्या मानकात शाळेला साध्या इमारतीपेक्षा जास्त महत्त्व-गुणांक दिला आहे. साध्याला १, शाळेला १.५. म्हणजे तीच इमारत शाळा झाली की तिच्याकडून दीडपट अपेक्षा धरून गणित करायचं.

पहिल्या भेटीला तुम्ही स्वतः न्यायच्या वस्तू : ३० मीटरची टेप, चांगला टॉर्च, छोटी हातोडी, खडू आणि ओळंबा. स्लॅबच्या खालच्या बाजूला, विशेषतः संडासाखाली आणि गच्चीखाली, हातोडीने हलकं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल करा. बीमच्या खाली सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली, तर आतली सळई गंजून फुगली आहे. छज्जे नीट बघा. पाणी सगळ्यात आधी तिथेच मुरतं.

हे झालं तुमचं प्राथमिक बघणं. त्यानंतर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ऑडिट करून घ्या. ३० वर्षांहून जुन्या इमारतीला महापालिका क्षेत्रात ते तसंही करावं लागतं. ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा बघणारी), अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणारी) आणि कार्बोनेशनची चाचणी असलीच पाहिजे. कार्बोनेशनच्या चाचणीत ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. सळईपर्यंतचा भाग रंगच घेत नसेल, तर तिला गंजापासून वाचवणारं कवच संपलेलं असतं. आमच्या तळमजल्यावरच्या दोन कॉलमना रंग आला नाही. बाहेरून ते गुळगुळीत होते, नुकताच डिस्टेंपर दिलेला होता.

सावध राहायची जागा : नुसते फोटो लावून 'इमारत सुस्थितीत आहे' असं लिहिलेला अहवाल. असा एक अहवाल आम्हाला सुरुवातीला मिळाला होता. त्यात एकही चाचणी नव्हती. अहवालात चाचण्यांचे आकडे, कोणत्या कॉलमला जॅकेटिंग (बाहेरून सळया आणि काँक्रीटचं नवं वेष्टण) हवं याचा नकाशा आणि 'शाळेच्या वापरासाठी' हे शब्द स्पष्ट असावेत. कार्यालयासाठी योग्य असलेली इमारत शाळेसाठी योग्य असेलच असं नाही. विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. स्थापत्य विभागाची प्रयोगशाळा असलेल्या अशा ठिकाणी चाचण्यांची चौकशी करता येते.

आपल्याकडच्या काळ्या मातीबद्दलही सांगायला हवं. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. जुन्या इमारतींच्या भिंतींना त्यामुळे तिरप्या भेगा पडतात. भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालतेय, हे कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग चालू आहे. हे पावसाळ्याआधी करून ठेवा. आमच्या मागच्या भिंतीची पट्टी सप्टेंबरात तडकलेली सापडली. मग पायाजवळ मुरणारं गटाराचं पाणी शोधून बंद करावं लागलं.

४. आधी मुलं मोजा, मग खोल्या

राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडण्याच्या वाटा मोजताना कार्यालयात दर १० चौरस मीटरला एक माणूस धरतात, शाळेत दर ४ चौरस मीटरला एक. आमचा एक मजला साधारण २५० चौरस मीटरचा आहे. कार्यालय असताना तिथे २५ माणसं धरली असतील, आता ६० च्या वर. तुमच्या वर्गात याहून जास्त मुलं बसणार असतील, तर खरी संख्या धरा.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, २०० पर्यंत ५ असं प्रमाण आहे. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, शिवाय मुख्याध्यापक, कार्यालय आणि साहित्य यांसाठी मिळून एक खोली लागते. आम्ही १२० मुलं धरली आणि संख्या तिथेच थांबवली. मागणी आली तरी वाढवली नाही. जिना, संडास, पाणी, सगळ्यांचं गणित या एका आकड्यावर उभं असतं.

५. जिना

कार्यालयाचा जिना साडेतीन फुटांचा होता. शाळेसाठी तो निदान १.५ मीटर, म्हणजे पाच फूट हवा. पायरीची रुंदी ३० सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. जुन्या कार्यालयांत सात इंचांची पायरी सर्रास असते. सहा वर्षांचं मूल दप्तर घेऊन ती चढताना प्रत्येक पायरीला थांबतं.

शिवाय एक जिना पुरत नाही. धूर झाला तर तो आधी जिन्याच्या पोकळीत भरतो. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या इमारतींनी राष्ट्रीय इमारत संहितेतले सुरक्षेचे निकष पाळावेत आणि अग्निशामक साधनं ठेवावीत असे आदेश दिले. आमच्या बैठकीत दुसऱ्या जिन्याच्या खर्चावरून वाद झाला, तेव्हा मी ही घटना वाचून दाखवली. त्यानंतर खर्चाबद्दल कुणी बोललं नाही.

दुसरा जिना बाहेरून घ्यायचा ठरला आणि तिथे आमची मोठी चूक झाली. तो बाजूच्या मोकळ्या जागेत काढला. त्याने बाजूचं सामासिक अंतर (इमारत आणि हद्द यांच्यात सोडायची जागा) कमी पडत होतं आणि अग्निशमन गाडीची वाटही अडत होती. नकाशा परत आला. शेवटी जुनी रेकॉर्ड रूम फोडून जिना आतून मागच्या दारावर उतरवला. तोवर त्या भिंतींना दोन हात रंग देऊन झाला होता.

कठड्याला उभ्या सळया लावा, आडव्या नको. आडव्या सळयांची मुलं शिडी करतात. दोन सळयांमधून लहान मुलाचं डोकं जाता कामा नये, म्हणून अंतर १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. मोठ्यांच्या हातासाठी वर एक पाइप आणि मुलांच्या हातासाठी खाली, साधारण दोन फुटांवर, दुसरा.

वर्गाचं दार निदान एक मीटर रुंद असावं आणि बाहेर उघडावं, पण उघडल्यावर व्हरांडा अडू नये. मागच्या जिन्याच्या दाराला शाळेच्या वेळात कुलूप नको. सुरक्षेसाठी म्हणून आमच्याकडे सुरुवातीला साखळी लावली होती. मी ती काढायला लावली आणि आतून ढकलून उघडणारी कडी बसवून घेतली.

अग्निशमन विभागाचा दाखला २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार घ्यावा लागतो. तो एकदा मिळाला की झालं, असं नाही. परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत 'नमुना ब' (अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) भरून द्यावा लागतो. मुख्याध्यापकांच्या दिनदर्शिकेत या दोन महिन्यांवर लाल गोल करा.

शाळा उघडण्याआधी एक रिकामा शनिवार घ्या. पालकांना आणि मुलांना बोलवा, घंटा द्या आणि मैदानावर शेवटचं मूल येईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. आमच्या पहिल्या सरावात जिन्याच्या तळाशी, चपलांच्या रॅकजवळ सगळी मुलं अडकली. रॅक तिथून हलवला आणि वेळ निम्म्यावर आला.

६. तोडफोड

जुन्या इमारतीतली धूळ साधी नसते. दोन गोष्टींसाठी मिस्त्रीला आधी थांबवा.

पार्किंगच्या शेडवर किंवा गच्चीच्या खोलीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील, तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता खूप असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ते हातोडीने फोडू नका, कोरडे कापू नका. पाण्याने भिजवून, आकडे आणि बोल्ट सोडवून अख्खे उतरवा. तुकडे आवारात पुरू नका. तिथे उद्या मुलं खेळणार आहेत.

दुसरी गोष्ट दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी ते फार वाईट. कोरडा पॉलिशपेपर मारू नका. ओला घासा, खाली प्लास्टिक अंथरा आणि खरडलेलं सगळं गोळा करून बाहेर काढा.

पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या इमारतीत तिजोरीची खोली असते. जाड काँक्रीटच्या भिंती, एकच दार, खिडकी नाही. साहित्याची खोली म्हणून ती सगळ्यांना आवडते. आमचा आग्रह होता की आधी तिचं लोखंडी दार काढायचं, मगच खोली वापरायची. ते दार बाहेरून एका हाताने बंद होत होतं आणि आतून उघडत नव्हतं. लपाछपी खेळणारं मूल आत गेलं, तर आवाजही बाहेर आला नसता. आता तिथे साधी जाळी आहे आणि क्रीडासाहित्य ठेवलं आहे. त्या भिंती फोडून खिडकी काढायचा विचार असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

रोखपालाच्या काउंटरचं काचेचं पार्टिशन, केबिनच्या काचा, सगळ्या काढून टाका. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात.

७. संडास आणि पाणी

कार्यालयात जिन्याखाली दोन संडास होते. शाळेला मुलांसाठी दर ४० मागे एक, मुलींसाठी दर २५ मागे एक, आणि मुलांना दर २० मागे एक मुतारी असं प्रमाण धरा. आमच्या ६० मुलांना दोन संडास व तीन मुताऱ्या आणि ६० मुलींना तीन संडास लागले. शिवाय चाकाची खुर्ची आत वळेल असा एक स्वतंत्र संडास. मुलामुलींच्या वाटा वेगळ्या ठेवा आणि दारं बाहेरच्या व्हरांड्यातून शिक्षकांच्या नजरेत राहतील अशी.

मुतारी, बेसिन, कडी, नळ यांची उंची प्लंबरच्या सवयीवर सोडू नका. आम्ही पहिलीत जाणाऱ्या एका मुलीला आणि एका मुलाला प्रत्यक्ष उभं करून भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या. सगळ्या शाळेत कमी तक्रारी आलेली जागा हीच आहे.

दिवसाच्या शाळेला दर मुलामागे ४५ लिटर पाणी धरतात. १२० मुलांना ५,४०० लिटर. ही सगळी टाकी गच्चीवर ठेवायचा विचार असेल, तर तिसरी पायरी पुन्हा वाचा. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन. आम्ही जमिनीखाली मोठी टाकी घेतली आणि वर फक्त १,००० लिटरच्या दोन टाक्या, त्याही बरोबर कॉलमच्या डोक्यावर. जुनी सेप्टिक टाकी दहा-बारा माणसांसाठी बांधलेली असते. ती उपसून, मोजून मगच वापरा.

रॅम्पचा उतार १२ ला १ हवा. सांगलीत पाण्याच्या भीतीने जोतं उंच असतं. ७५ सेंटिमीटरच्या जोत्याला ९ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. जागेअभावी तो उभा केला, तर मागून ढकलणाऱ्या आईलाही चढवत नाही. आमचा रॅम्प दोनदा वळतो, मध्ये टेकायला सपाट जागा आहे.

८. वीज

वायरिंग पूर्ण नवं करा. जुनं ठेवून पैसे वाचत नाहीत. प्रत्येक मजल्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नवं अर्थिंग घ्या. मीटर आणि मेन बोर्ड २०१९ च्या पाण्याच्या रेघेच्या वर बसवा. महावितरणकडे वर्गवारी बदलण्याचा अर्ज लगेच द्या. कार्यालयाची जोडणी व्यापारी दरात असते, शाळा 'सार्वजनिक सेवा' या वर्गवारीत येते. आम्ही हा अर्ज उशिरा दिला आणि तेवढे महिने जास्त बिल भरलं.

९. वर्ग

कार्यालयाच्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाहीत. एप्रिलमध्ये तीस मुलांच्या वर्गात त्याने गुदमरायला होतं. आम्ही समोरासमोर पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या केल्या. फॉल्स सिलिंग काढून टाकलं, तेव्हा वर दीड फूट उंची मिळाली आणि उंदरांची घरंही सापडली. फळा अशा भिंतीवर घ्या की उजेड मुलांच्या डाव्या हाताकडून येईल. वर्गातला उजेड ३०० लक्सच्या आसपास असावा. बाकीची हौस पैसे उरले तर.

१०. मान्यता

ही पायरी कागदावर शेवटी येते, पण काम सुरू करताच तिच्यामागे लागा. विनाअनुदानित नवी शाळा २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियमाखाली निघते. जागेच्या क्षेत्रफळाची अट त्यात भागानुसार ठरते. ती शिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. शिक्षण हक्क कायद्याखाली 'नमुना १' मध्ये स्वयंघोषणापत्र भरायचं, तपासणी होते आणि 'नमुना २' मध्ये प्रमाणपत्र मिळतं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण असतं. त्यानंतर ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा देशपातळीवरचा ओळखक्रमांक) मिळतो.

तपासणीच्या दिवशी वापरातल्या बदलाची परवानगी, अग्निशमन दाखला, स्थैर्य प्रमाणपत्र, पाणी तपासणी अहवाल आणि कुंपणाचे फोटो एकाच फाइलमध्ये, क्रमाने लावून ठेवा. फाइलच्या तीन प्रती करा.

मान्यतेआधी प्रवेशाची जाहिरात करू नका. 'मान्यता प्रस्तावित' लिहिलं तरी नाही. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आहे आणि ती चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. दंडापेक्षा वाईट म्हणजे त्या मुलांचा दाखला कुठेच चालत नाही.

फाटकाबाहेरही बघा. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि तसा फलक शाळेने लावायचा असतो. आमच्या समोर पानाची टपरी होती. टपरीवाल्या काकांशी संस्थेतल्या ज्येष्ठांनी दोनदा जाऊन शांतपणे बोलणी केली. आता ते तिथे वह्या, पेन्सिली आणि लिंबू सरबत विकतात.

११. पहिला पाऊस

मेअखेरीस गच्चीवरचे पावसाळी पाइप साफ करून घ्या आणि प्रत्येकाच्या तोंडाला जाळी बसवा. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर, मुलं घरी गेल्यावर, खडू आणि टॉर्च घेऊन सगळ्या खोल्या फिरा. जिथे ओल दिसेल तिथे कडेने रेघ मारा आणि तारीख लिहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघा. ओल रेघेच्या बाहेर गेली असेल, तर त्याच्या बरोबर वरची गच्ची तपासा. विजेच्या बोर्डाजवळ ओल असेल, तर त्या खोलीचा पुरवठा त्याच दिवशी बंद करा आणि वर्ग दुसरीकडे भरवा. बाकीची दुरुस्ती दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू द्या. ओल्या स्लॅबवर केलेलं वॉटरप्रूफिंग पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.